नवमीचा म्हाळ कुणाचा? घरातल्या जुन्या माणसाचा माग कसा काढायचा

पितृपंधरवड्यात आमच्या घरी म्हाळ दोनदा असतो, एक पंचमीला आणि एक नवमीला. पंचमीचा पणजेसासऱ्यांचा, हे घरात सगळ्यांना माहिती. नवमीला मात्र एक सवाष्ण जेवायला सांगायची, तिची खणानारळानं ओटी भरायची आणि देव्हाऱ्यातला बाईचा चांदीचा टाक धुऊनपुसून पुढं ठेवायचा, एवढंच मला लग्न झाल्यापासून माहिती होतं, कुणासाठी ते नाही. आत्यांना विचारलं (आमच्याकडं सासूबाईंना आत्याच म्हणतात) तर म्हणाल्या, "थोरलीचा हाय गं त्यो. माझ्या सासूबाई करायच्या म्हणून मी करते." थोरली म्हणजे पणजेसासऱ्यांची पहिली बायको. नाव काय, कुठल्या गावची, कधी गेली, कशानं गेली, कुणालाच माहिती नाही. जिच्या नावानं मी वीस वर्षं स्वयंपाक करतीये तिचं नावच घरात नाही, हे मला फार लागलं.

तिचा माग काढायला दोन वर्षं गेली, त्यात जे शिकले ते इथं लिहिते. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, पण सातारा-सांगलीत कुठंही हीच पद्धत चालेल.

पहिलं म्हणजे एकच माणूस धरा. बरेच जण सुरुवातच करतात की आपलं मूळ गाव कुठलं, शिवाजी महाराजांच्या वेळी आपल्यातलं कोण होतं, आणि एकदम साडेतीनशे वर्षं मागं उडी मारतात, मग मधल्या आठ-दहा पिढ्या रिकाम्या राहतात आणि सगळं तिथंच अडकतं. आजपासून मागं जायचं, एकेक पायरी. आधी आपला बाप, मग आजा, मग पणजा, आणि प्रत्येक पायरीला एक तरी कागद हातात पाहिजे.

कागदाच्या आधी माणसं. घरातली, भावकीतली ऐंशीच्या पुढची माणसं आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. पण त्यांना साल विचारू नका, साल कुणालाच सांगता येत नाही. असं विचारायचं की तेव्हा काय झालं होतं? गाठीच्या तापात गाव रानात राहायला गेलं होतं त्याच्या आधी का नंतर? मानमोडीच्या आधी का नंतर? पत्री सरकार होतं तेव्हा आजोबा केवढे होते? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठली म्हैस होती, कुठली पोर पाळण्यात होती? याची सालं आपण लावायची. गाठीचा ताप म्हणजे प्लेग, तो मुंबईत १८९६ ला आला आणि तिथून पुढं आपल्या भागात पसरला. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. बेचाळीसच्या चळवळीत इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला तो १० सप्टेंबर १९४२ ला, वडूजचा त्याच्या आदल्या दिवशी, आणि नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजेच पत्री सरकार, साधारण १९४३ ते ४६. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मोठा दुष्काळ म्हटलं की आत्ताच्या म्हाताऱ्यांना १९७२ चा आठवतो, पण त्यांच्या आजीनं सांगितलेला असेल तर तो १८७६-७७ चा किंवा १८९६-९७ चा पण असू शकतो, म्हणून आणखी एकदोन खुणा विचारून घ्यायच्या. आणि घरातल्या पुरुषांपेक्षा लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकींना जास्त विचारा. आमच्या मामंजींची थोरली बहीण तासगावला दिलेली, त्यांना घरातल्या चार माणसांपेक्षा जास्त माहिती निघाली, कारण त्या लहानपणी आजीजवळ झोपायच्या.

घरातले रीतिरिवाज हा पण एक दप्तरच आहे, हे मला फार उशिरा कळलं. म्हाळाची तिथी म्हणजे बहुतेक करून तो माणूस ज्या तिथीला गेला ती तिथी. म्हणजे पणजेसासरे पंचमीला गेले, एवढं कागद न बघताच कळलं. पुढं कागदावर तारीख सापडली की जुन्या पंचांगाशी ताडून बघायची (आता मोबाईलवर मागच्या शे-सव्वाशे वर्षांची तिथी निघते), तिथी जुळली तर समजायचं आपलाच माणूस सापडला, त्याच नावाचा भावकीतला दुसरा कुणी नाही. नवमीचं मात्र वेगळंय. नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात, मग ती कुठल्या का तिथीला गेलेली असेना. त्यामुळं थोरलीची तारीख नवमीवरून निघणार नव्हती. पण ती पणजेसासऱ्यांच्या आधी गेली हे त्यावरून पक्कं झालं, आणि पणजेसासऱ्यांनी दुसरं लग्न केलं ते बहुतेक तिच्यामागं असावं, असा अंदाज बांधला. टाक कुणाचे, किती, कुलदैवत कुठलं, जावळ कुठं काढतात, वर्षाची कोंबडी-नैवेद्य कुठल्या रानातल्या देवाला जातो, सगळं लिहून काढा. रानातला देव आपल्या शिवारात नसून शेजारच्या गावात असेल तर घराणं तिथून आलेलं असायची शक्यता असते, मग तिथले कागद बघायचे.

आता कागद. सुरुवात सातबाऱ्यापासून, कारण तो घरातच असतो. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ गोलात किंवा कंसात नंबर असतात, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचे नंबर. लोक सातबारा बघतात आणि ठेवून देतात, पण खरी गोष्ट त्या नंबरात असते. प्रत्येक नंबराची नक्कल काढा. तलाठी भाऊसाहेबांकडं नाही मिळाली तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला, कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करायचा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मेल्याची तारीख, मागं राहिलेली बायको, पोरं, लेकी सगळं असतं. वाटपाच्या फेरफारात भाऊ कळतात. गहाण, मुदत खरेदी, तगाई यावरनं घरावर वेळ कधी आली ते कळतं, ती नोंद दुष्काळाच्या सालाशेजारी ठेवून बघा. १९५७ नंतरच्या फेरफारात "३२ ग" दिसलं तर कुळकायद्यानं जमीन मिळाली किंवा गेली असं समजायचं, १ एप्रिल १९५७ हा त्याचा दिवस. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे पोरगा तेव्हा लहान होता, यावरनं वयाचा अंदाज येतो. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" किंवा "भ्रतार" म्हणजे अमक्याची बायको. आणि लेकींची नावं बऱ्याचदा वर नसतात, "इतर हक्क" या रकान्यात खाली ढकललेली असतात, तो रकाना न बघता पान उलटू नका.

एक अडचण येणारच, ती म्हणजे गट नंबर. १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण झालं, त्यात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर घेऊन मागं गेलात की वाट तिथंच तुटते. भूमी अभिलेख कार्यालयातनं एकत्रीकरणाचा उतारा घ्या, त्यात जुना नंबर मिळतो. आणि हक्कनोंदणीच १९०३ च्या कायद्यानं आली, त्यामुळं फेरफार साधारण तिथपर्यंतच मागं जातात, त्याच्या मागचं दुसऱ्या कागदात शोधायचं.

फेरफारानं आमच्या घरातली एक ऐकीव गोष्ट खोटी ठरवली, ती सांगते. पणजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ "बसऱ्याला गेला तो आलाच नाही" असं चार पिढ्या सांगत आल्या. आपल्या भागातनं पहिल्या महायुद्धाला पोरं फार गेली, साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले एकट्या गावचे ४६ जण त्यात कामी आले म्हणून तर ते अपशिंगे मिलिटरी. मराठा पलटणी, म्हणजे तेव्हाच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या, बसऱ्याच्याच मुलुखात, आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरण जाईपर्यंत, घोडी-खेचरं मारून खायची पाळी आली होती. मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर फुकट बघता येतात, बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीत चाळीस हजारांच्या वर नावं आहेत आणि बऱ्याच नावांपुढं बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सातारा असं दिलेलं असतं. गोऱ्यांनी कानावर पडलं तसं लिहिलंय, त्यामुळं गावाचं नाव चार-पाच प्रकारे टाकून बघायचं, आडनाव न टाकता नुसतं नाव टाकून पण बघायचं. मी सगळं बघितलं, आमचा माणूस नाही सापडला. आणि पुढं १९२४ च्या वाटपाच्या फेरफारावर त्याच्या नावापुढं "निशाणी अंगठा". म्हणजे परत आला होता, हिस्सा सोडून दिला आणि मग गेला, बहुतेक मुंबईला गिरणीत, कारण त्या काळात आपल्याकडचा माणूस गावातनं गेला की गिरणगावातच निघायचा. तो धागा अजून चालूच आहे.

पण थोरली कुठल्याच फेरफारात नव्हती. पणजेसासऱ्यांच्या वारसनोंदीत बायको म्हणून दुसरीच, कारण ती मागं राहिली. फेरफार जे मागं उरले त्यांचाच असतो, आधी गेलेल्यांसाठी कोतवाल बुक बघावं लागतं.

कोतवाल बुक म्हणजे गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना १४. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम न्यायमूर्ती शिंदे समितीनं घेतलं तेव्हा ही बुकं कपाटातनं बाहेर निघाली, बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी साइटवर स्कॅन करून टाकलीत, आपल्या गावाचं आहे का ते घरबसल्या आधी बघा. नसेल तर रेकॉर्ड रूम. तिथं एक गोष्ट लक्षात ठेवा, जुन्या कागदावर "जिल्हा सांगली" सापडणार नाही. सांगली जिल्हा हे नाव १९६० चं, त्याच्या आधी १९४९ पासून दक्षिण सातारा, आणि त्याच्या आधी नुसता सातारा. आणि तो पण सगळा इंग्रजांचा नव्हता. साताऱ्याचं राज्य डलहौसीनं १८४८ ला खालसा केलं, पण सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिली. आटपाडी औंधची, कुंडल औंधचं, म्हणजे शेजारशेजारची दोन गावं पण एकाचे कागद इंग्रजी अंमलातले आणि दुसऱ्याचे संस्थानी. तालुके पण फुटलेत, आजचं पलूस पूर्वी तासगावात, कडेगाव खानापुरात. म्हणून आधी "माझं गाव १९१८ ला कुणाच्या राज्यात आणि कुठल्या तालुक्यात होतं" हे कागदावर लिहून काढा, मगच एसटी पकडा. मी पहिल्यांदा हे न करता गेले आणि दोन दिवस भलत्याच ठिकाणी घालवले.

बरोबर ऑफिस सापडल्यावर पण पहिल्यांदा "बुक फाटलंय, देता येत नाही" म्हणून परत लावलं. दुसऱ्यांदा लेखी अर्ज केला, साल आणि गाव स्पष्ट लिहिलं, पोच घेतली, तेव्हा बुक टेबलावर आलं. तोंडी विचारत बसू नका.

बुक मोडीत होतं. मोडीला घाबरायचं कारण नाही, पण एका दिवसात येत पण नाही. मोडी वाचणारी माणसं साताऱ्यात, सांगलीत मिळतात, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात शिकवतात पण. मी आमच्या ओळखीच्या एका रिटायर मास्तरांना घेऊन गेले. त्यांनी मला आधी फक्त तीन शब्द मोडीत गिरवायला लावले, आमचं आडनाव, गावाचं नाव आणि पणजेसासऱ्यांचं नाव. हे तुम्ही पण करा. सगळं वाचता आलं नाही तरी पानावर आपलं नाव डोळ्याला दिसायला लागतं, मग तेवढीच ओळ जाणकाराकडनं वाचून घ्यायची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, आणि ओळ आधी आखून मग अक्षरं लिहितात त्यामुळं शब्द एकमेकाला चिकटलेले असतात, कुठं तोडायचं ते सवयीनं कळतं.

साल आम्हाला माहिती नव्हतं. आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला होता, त्यावर जन्म १ जून १९२२, म्हणजे दुसरं लग्न त्याच्या आधी. (१ जून दिसला की तारीख खरी धरू नका, पोरगं जूनमध्ये शाळेत घातलं आणि मास्तरांनी १ जून लावून टाकला असं निम्म्या महाराष्ट्राचं झालंय, साल पण एकदोन वर्षं मागंपुढं धरा. पण शाळेचं जनरल रजिस्टर सोडू नका. साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरला १९१४ नंबरला भिवा रामजी आंबेडकर ही नोंद आहे, ७ नोव्हेंबर १९०० ची, एका ओळीत पोराचं नाव, बापाचं नाव आणि शाळेत पाऊल टाकल्याचा दिवस.) म्हणून आम्ही १९२१ पासून मागं मागं पानं उलटत गेलो.

मेल्याच्या बाजूला रकाने असे, तारीख, नाव, जात, बाई का पुरुष, वय, कशानं. पान भरायला एरवी कित्येक महिने लागलेले दिसत होते. म्हातारपण, हगवण, बाळंतपण, देवी, असं वेगवेगळं कारण. १९१८ च्या पावसाळ्याच्या शेवटाला आलो आणि मास्तर वाचता वाचता थांबले. एक पान अकरा दिवसात भरलेलं. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, पुढं तर "ताप" पण लिहिलेलं नाही, वरच्या शब्दाखाली नुसती दोन टिंबं, पानाच्या खालपर्यंत टिंबंच टिंबं. अक्षर पण मधेच बदललंय. लिहिणारा आजारी पडला का गेला, कोण जाणे. त्या टिंबांच्या एका ओळीत पणजेसासऱ्यांचं नाव, त्यापुढं "याची बायको", वय २२. चार ओळी खाली परत पणजेसासऱ्यांचं नाव, "याचा मुलगा", वय ३ महिने.

मी तिथं बसून रडले, मास्तर पाणी आणायला उठले.

हे सांगायचं कारण असं की नुसती तारीख घेऊन घरी आले असते तर हाताला काय लागलं असतं? त्या साली गावावर काय चाललं होतं ते शेजारी ठेवलं तेव्हा तिचं मरण कळलं. १९१८ च्या उन्हाळ्याच्या शेवटाला साथ मुंबईत आली, लढाईवरनं येणाऱ्या बोटींबरोबर, आणि सप्टेंबरपासून दुसरी लाट गावोगाव शिरली. त्या साली पाऊस पण दगा देऊन गेला, धान्य महागलं. हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं गेली, आणि म्हातारी-लहान नाही तर वीस ते चाळीसची जास्त, त्यात पण बाया जास्त, कारण घरात सगळ्यांचं आजारपण काढायला त्याच. बावीस वर्षांची ओली बाळंतीण त्यात गेली आणि आईमागं चार दिवसात दूध तुटलेलं पोर गेलं. दुसरी आली तिनं तो टाक पुजला आणि नवमी धरली, आणि पुढं कुणी त्यावर बोललं नाही, बोलायला कुणाला धीर झाला असेल असं पण मला वाटत नाही.

पण नाव नव्हतंच. कोतवाल बुकात बाईची नोंद नवऱ्याच्या नावावर, जन्माच्या नोंदीत पण बापाचं नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच, कारण तेव्हा बारसं झालेलं नसायचं. म्हणून आपल्या माणसाचं नाव घेऊन जन्माची नोंद शोधू नका, बापाचं नाव धरून शोधा.

नाव सापडलं हेळव्यांकडं. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या बाजूला सुगी झाल्यावर हेळवी येतात, कर्नाटकातनं, पूर्वी बैलावरनं यायचे, आता गाडीवरनं. घराण्याची पिढीजात नावं त्यांच्या चोपडीत असतात, दारात उभं राहून म्हणून दाखवतात आणि धान्य, कापड घेऊन जातात. आम्ही इतकी वर्षं पायली घालून वाटेला लावत होतो. त्या वर्षी सोप्यात बसवलं, चहा-जेवण केलं आणि म्हटलं सगळं वाचा, घाई नाही. पणजेसासऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी दोन बायका वाचल्या, दोघींची नावं, दोघींची माहेरं. पोरांची नावं फक्त दुसरीच्या खाली. हेळव्यांना विचारल्याशिवाय चोपडीचा फोटो काढू नका, ती त्यांची पोटाची पुंजी आहे, ते वाचतील ते लिहून घ्या आणि जे द्यायचं ते मोकळ्या हातानं द्या. ज्यांच्याकडं हेळवी येत नाहीत त्यांनी नाशिक, पंढरपूर, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यांकडं जावं, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते तुमच्या गावाची वही काढतात, घरातला जो कोणी अस्थी घेऊन किंवा वारीला गेला असेल त्याची नोंद, कधी कधी सही सुद्धा असते.

एका ठिकाणचं वाचलं म्हणून खरं धरू नका, दुसरीकडनं ताडून घ्या, तेही पहिल्याला माहिती नसलेल्या माणसाकडनं. चोपडीत थोरलीचं माहेर म्हणून आलेलं गाव खानापूर तालुक्यातलं. आम्ही दोघं नवराबायको गेलो, त्या आडनावाचं घर विचारत. मी मुद्दाम नाव सांगितलं नाही, फक्त म्हटलं की तुमच्यातली कोण वाळव्याकडं दिली होती का जुन्या काळी? तिथली एक म्हातारी चटकन म्हणाली, "दिलीवती की. मानमोडीत लेकरासकट गेली." आणि नाव सांगितलं. तेच नाव.

आणखी दोन-तीन गोष्टी पटापट सांगते. जुन्या कागदावर शक असेल तर ७८ मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर ५९०, आणि पेशवाईतल्या कागदावर "इहिदे समानीन मया व अलफ" असं काहीतरी दिसलं तर ते अरबी आकडे आहेत, एक, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे ११८१, त्यात ५९९ मिळवलं की १७८० येतं. इनाम, वतन, सनद असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर बघा, पुराभिलेखागार कोल्हापुरात पण आहे. काही ठिकाणी कागद नाहीतच हे मान्य करावं लागतं, गांधीवधानंतर १९४८ च्या जळितात कित्येक कुलकर्ण्यांची घरं जळली आणि त्या घरांबरोबर गावांची दप्तरं पण गेली. २०१९ च्या पुरात सांगलीत घराघरातले कागद भिजले. भिजलेला कागद उन्हात टाकू नका, गठ्ठा ओढून सोडवू नका, सावलीत पंख्याखाली कोऱ्या टिपकागदात एकेक सुटेल तसा वाळवा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, नुसता फोटो काढून कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर बाहेरनं लिहा, कुठनं आणला, कधी, कुणी वाचून दिला.

यंदाच्या नवमीला आत्यांनी ओटी भरायच्या आधी तिचं नाव घेतलं. नाव मी इथं लिहीत नाही, ते घरातलं आहे. तिच्या माहेरची ती म्हातारी पण आली होती, सवाष्ण म्हणून नाही, नुसती जेवायला. पानाशेजारी आम्ही एक छोटी वाटी दुधाची ठेवली, त्या तीन महिन्यांच्या पोराची.